शायलोबेकची दोननळी

बंदूक कपाटात नळ्यांची तोंडं वर करून उभी होती. बुरमाकानच्या नजरेला आधी तेच खटकलं. ती खरं तर पेन्शनचे कागद काढायला आली होती. कागद त्याच लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर असत, कारण कुलूप लागेल अशी घरात ती एकच जागा होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने ती दोननळी अशी उभी केलेली कधी पाहिली नव्हती. शायलोबेक तोंडं खाली करून ठेवायचा, खाली नमद्याचा तुकडा घालायचा. नाहीतर तेल ओघळून दस्त्यात मुरतं आणि लाकूड आतून मऊ पडतं, हे तो कुणी न विचारताही सांगत सुटायचा.

तिने बंदूक उचलून बाहेर घेतली, खटका सरकवला. नळ्या पुढे झुकल्या आणि डाव्या नळीत काडतुसाची पितळी टाच चमकली.

गेल्या काही महिन्यांत बरंच काही घडलं होतं. तो आधीच मीठ घातलेल्या चहात पुन्हा मीठ घालायचा, शेजारच्या तिंचतिकचा घोडा आपला म्हणून अंगणात आणून बांधायचा, एकुलत्या एका मुलीचं नाव घेता घेता अडायचा. सत्तरी उलटली की होतंच, असं म्हणून ती हसण्यावारी नेत होती. पण भरलेली बंदूक, आणि तीही त्याच्या कपाटात? यावर हसता येण्यासारखं काही नव्हतं.

ती बंदूक तशीच उघडी हातात धरून अंगणात गेली. तो शेणाच्या गोवऱ्या रचत होता.

"हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. "काडतूस."

"ते दिसतंय मला. आत कसं आलं?"

"कुणाची बंदूक आहे?"

"तुझी."

"नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कुणीतरी त्याच्या आईबापाचं नाव घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "माझी बंदूक भरलेली नसते."

आणि तो पुन्हा गोवऱ्या रचायला वळला.

त्याचं म्हणणं खरंच होतं. तेरेक-सू गावातच काय, त्या सगळ्या खोऱ्यात शायलोबेकएवढा बंदुकीच्या बाबतीत कडक माणूस दुसरा नव्हता. आईला कळा सुरू झाल्या त्या दिवशी कुरणावर मतपेटी आली होती, म्हणून बापाने नाव ठेवलं शायलोबेक, निवडणुकीचा पोरगा. पोरं चिडवायची, तोही हसायचा. पण तेविसाव्या वर्षानंतर तो फारसा हसेनासा झाला. त्या साली कोल्ह्याच्या मागे दिवसभर वणवणून तो कुरणावरच्या तंबूत परतला. थकलेला होता. बंदूक खुंटीला टांगली आणि जेवायला बसला. धाकटा भाऊ मुसाकुन नुकताच फौजेतून सुटून आला होता. जरा बघू तरी, म्हणत त्याने ती नळीला धरून खाली ओढली. चाप खुंटीत अडकला आणि बार उडाला. शायलोबेकच्या हातातला घास हातातच राहिला.

कुणी त्याला दोष दिला नाही. बापानेही नाही. कदाचित त्यामुळेच तो पुढे आयुष्यभर स्वतःला देत राहिला. वर्षभर त्याने शिकार केली नाही. मग लांडगे फार झाले, सरकारी मेंढ्यांचे कळप राखायला माणूस हवा होता आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून त्याने पुन्हा बंदूक घेतली. पण उंबऱ्याच्या आत यायच्या आधी ती उघडायची, दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून बघायचं, कारण डोळे दमले की फसवतात, हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला. काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीला वेगळं कुलूप, त्याची किल्ली वेगळ्या खिशात. पाहुणा शिकारी आला की तो बाहेरच अडवायचा, "आधी तिचं पोट रिकामं करून दाखव, मग आत ये," म्हणायचा. लोक म्हणत, "शायलोबेककडे जेवायला जायचं तर उपाशी जावं लागतं, आणि बंदुकीसकट."

बुरमाकान लग्न होऊन आली तेव्हा तिला हा माणूस बंदुकीशीच लग्न लावून बसलाय असं वाटलं होतं. हिवाळ्यात तो डोंगरावरून आला की दोननळी लगेच उबेत आणायचा नाही. पिशवीत बांधूनच ती तासभर थंड ओसरीत ठेवायचा.

"तिला गार ठेवतोस आणि मला चूल पेटवायला लावतोस," ती म्हणायची.

"एकदम उबेत आणली तर तिला घाम फुटतो, मग गंज चढतो. तुला कुठे गंज चढतोय?"

"चढला तरी तुला कळायचं नाही. तू कधी माझ्यात डोकावून बघतोस?"

मग तो खरंच तिच्या कानात एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "स्वच्छ आहे. पलीकडचं सगळं दिसतंय." त्या काळी असं हसणं व्हायचं.

काडतूस सापडलं त्याच दिवशी तिने दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या आणि काडतुसांची पेटी तिंचतिकच्या घरी नेऊन दिली. तिंचतिक पन्नाशीचा, स्वतः शिकार करणारा, शायलोबेकच्याच हाताखाली शिकलेला. त्याने पेटी घेतली आणि म्हणाला, "वहिनी, वेनेराला कळवा."

त्यांची मुलगी वेनेरा राजधानीत एका शिवणकारखान्यात होती. ती आली, बापाला घेऊन गेली, मोठ्या डॉक्टरला दाखवलं आणि आठवड्याने परत आणून सोडलं. डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं. बुरमाकानने ते नाव लक्षातच ठेवलं नाही. तिने एकच विचारलं, "उतार पडेल का?"

"नाही, आई. हे खालीच जातं," वेनेरा म्हणाली, आणि ओढणीने नाक पुसत राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. तो सकाळी उठायचा, कपाटाशी जायचा, खिसे चाचपायचा. किल्ली नाही. मग घरभर शोध. पिठाचा डबा, गाद्यांचा ढीग, कोंबड्यांचं खुराडं. सापडली नाही की बुरमाकानवर यायचा. "चोरटे! कुणाच्या घरात शिरलीयेस?" एकदा त्याने तिचं मनगट इतकं पिळलं की चार दिवस ते काळंनिळं राहिलं. ती कुणाला बोलली नाही. बाही खाली ओढून घेतली.

एका दुपारी मात्र ती थकली आणि तिने कपाट उघडलं. बंदूक काढली, स्वतः उघडली, बघितलं, बोट घालून बघितलं, आणि त्याच्यासमोर नमद्यावर ठेवली. बाजूला तेलाची बाटली, रॉकेलची वाटी, गज, चिंध्या. काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून ती भिंतीला टेकली.

शायलोबेकने आधी दोन्ही नळ्यांत बोट घातलं. मग पुढची लाकडी पट्टी काढली, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. गजाचे तीन तुकडे एकमेकांत फिरवून जोडले, टोकाला पितळी ब्रश लावला, तो रॉकेलात बुडवला आणि मागून पुढे, एकाच दिशेने, नळीत घातला. पुढून मागे कधी नाही, नाहीतर मळ काडतूस बसतं त्या भागात जातो. मग कोरडी चिंधी, मग दुसरी, तिसरी, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. नळ्या खिडकीकडे धरून त्याने आत पाहिलं. आत उजेडाची वलयं दिसतात, तळ्यात खडा टाकल्यासारखी. एखादं वलय तुटलं तर नळीला तिथे पोचा आहे समजायचं. एकही तुटलेलं नव्हतं. मग तेलाचा हात, इतका पातळ की बोटाला लागेल पण दिसणार नाही. जास्त तेल थंडीत गोठतं आणि ऐन वेळी घोडा पडत नाही. शेवटी बंदूक जोडून, झाडून झालेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या टोप्या नळ्यांत घालून, त्याने एकेक चाप दाबला, म्हणजे आतल्या स्प्रिंगा ताणलेल्या राहू नयेत.

दोन तास लागले. त्या दोन तासांत त्याचा हात एकदाही चुकला नाही. आणि तो गप्प नव्हता. कुठल्या झऱ्यावर तितर उतरतात, कुठल्या कड्यावर लांडगीण व्याली होती, तिंचतिकने पहिल्यांदा ससा म्हणून दगडावर कशी गोळी झाडली, सगळं सांगत होता. बुरमाकानला वाटलं, माणूस परत आला.

तेव्हापासून रोज दुपारी तेच. ती जुनी पोलकी फाडून चिंध्या करायची, तो साफसूफ करायचा, मग ती बंदूक कुलपात ठेवायची आणि तो शांतपणे चहा प्यायचा. पूर्ण हिवाळा असा गेला. बंदुकीने त्या वर्षी एकही बार काढला नव्हता, तिच्यात साफ करण्यासारखं काही नव्हतं, पण ते त्याला कुठे ठाऊक होतं!

एकदा चिंधी घेता घेता त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "चिंध्या फार सुबक कापतेस गं. लग्न झालंय का तुझं?"

"झालंय. एका खुळ्या शिकाऱ्याशी."

"वाईट झालं," तो मनापासून म्हणाला. "शिकारी लोक घरी टिकत नाहीत."

ती हसली. हसता हसता उठून ओसरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

बर्फ वितळायला लागलं तसं सगळं बिघडत गेलं. एकदा साफ केलेली बंदूक कुलपात गेली की घटकाभरात तो पुन्हा मागायला लागला. दिवसातून तीनदा, पाचदा. घासून घासून नळ्यांचा काळा मुलामा निघाला, खालचं पांढरं पोलाद दिसू लागलं. आणि बोलणंही बदललं. आता त्यात झरे आणि कडे नव्हते. आता मुसाकुन होता.

"तो वर वाट बघतोय. एकटाच आहे. त्याच्याकडे बंदूक नाही."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस? मुसाकुन."

वेनेराने फोनवर सांगितलं होतं, त्याचं म्हणणं खोडू नका. म्हणून बुरमाकान म्हणायची, "उद्या जा. आज वारा आहे." रोज वारा असायचा.

एप्रिलच्या शेवटी, दुपारचीच वेळ, ती चुलीवरची कढई उतरवायला म्हणून पाठमोरी झाली. मागे नळ्या मिटल्याचा आवाज आला. त्या आवाजात ती इतकी वर्षं वावरली होती, की काहीतरी निराळं आहे हे तिला वळायच्या आधी कळलं. रिकाम्या टोप्यांचा आवाज पोकळ येतो. हा भरीव होता.

तो उभा होता. अंगात जुना मेंढीच्या कातड्याचा कोट, जो तिने उन्हात घालायला म्हणून खुंटीवरून काढून ठेवला होता. कोटाचं अस्तर खिशापाशी उसवलेलं होतं. तिने खिसे तपासले होते, अस्तर नाही.

"चल," तो म्हणाला. "उशीर झालाय. तो ताटकळला असेल."

अंगणात अनारकुल, तिंचतिकची बायको, कपडे वाळत घालत होती. दार सताड उघडं होतं आणि नळ्या दाराकडे. आरडाओरडा केला तर तो दचकेल. जवळ गेलं तर चोर म्हणेल. बुरमाकानला काय सुचलं ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिने कमरेवर हात ठेवले आणि त्याच्याच जरबेने विचारलं,

"घरात भरलेली बंदूक? शायलोबेकच्या घरात?"

तो थांबला.

"आधी पोट रिकामं कर. मग बोल."

त्याने नळ्यांकडे पाहिलं. अंगठा आपोआप खटक्यावर गेला, नळ्या झुकल्या, काडतूस हातात आलं. लांडग्याचं, मोठ्या छऱ्यांचं. त्याने ते तळहातावर फिरवलं. मग दोन्ही नळ्यांत बोट घालून पाहिलं. आणि मग त्याचं तोंड हळूहळू वाकडं झालं.

"मी खुंटीला लावली," तो म्हणाला. "भरलेली होती. मला माहीत होतं ती भरलेली आहे. मी दमलो होतो. मी म्हटलं, जेवून झाल्यावर काढू."

चव्वेचाळीस वर्षांत त्याने हे तिला सांगितलं नव्हतं. बंदूक भरलेली आहे याची त्या दिवशी त्याला आठवण राहिली नाही, अशीच सगळ्यांची समजूत होती. तो जमिनीवर बसून मोठ्याने रडायला लागला. बुरमाकानने त्याच्या हातातून आधी काडतूस घेतलं, मग बंदूक, आणि मगच त्याला जवळ घेतलं. त्याच क्रमाने. त्याबद्दल ती पुढे स्वतःला बरंच काही बोलली. संध्याकाळपर्यंत तो सगळं विसरला होता. ती नाही.

दुसऱ्या दिवशी तिंचतिक म्हणाला, "वहिनी, मला द्या ना. माझ्या कपाटात ठेवतो. कागद करून घेऊ. एवढी चांगली बंदूक..."

"तुझं कपाट आमच्या भिंतीपलीकडे. वास घेत येईल तो. तुझ्या पोरासुनांसमोर येऊन उभा राहील."

"मग वेनेरा?"

"तिला बंदुकीकडे बघवतही नाही आता."

गावचा पोलीस माकसात तरणा होता, बोलायला मऊ. तो बंदूक जमा करून घ्यायचे कागद घेऊन आला तेव्हा शायलोबेकला अनारकुल तिच्या घरी घेऊन गेली होती. माकसातने नंबर लिहून घेतला, मग सवयीने नळ्या उजेडाकडे धरल्या आणि बघतच राहिला.

"मावशी, किती जुनी आहे ही?"

"माझ्या लग्नाआधीची."

"आतून आरशासारखी आहे. आमच्याकडच्या नव्याही अशा नाहीत."

"तिथे तेल कोण देतं?"

माकसात जरा घुटमळला. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. "कुणी नाही, मावशी. गोदामात पडून राहतात. मग ढीग साठला की वर पाठवतात. तिथे कापतात."

"कापतात?"

"यंत्राने. तीन तुकडे."

तिने कागदावर अंगठा उठवला. त्याने बंदूक पोत्यात गुंडाळली. नळ्या वर करूनच तो ती गाडीत घेऊन गेला. तिने सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग म्हटलं, आता काय.

शायलोबेकने बंदूक महिनाभर शोधली. कपाट उघडंच ठेवलं होतं, म्हणजे आत काही नाही हे त्याला दिसावं. तो आत हात घालून मागच्या पत्र्यापर्यंत चाचपायचा. तिंचतिकने पाण्याच्या नळाचे दोन तुकडे जोडून, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून हुबेहूब एक वस्तू केली. आठवडाभर खपला होता बिचारा. बुरमाकानने ती नमद्यावर ठेवली, शेजारी तेल, गज, चिंध्या. शायलोबेकने ती उचलली, हातावर तोलली, खाली ठेवली.

"कुणीतरी नळ विसरून गेलंय," तो म्हणाला. "परत देऊन टाक."

तिंचतिक दाराशी उभा होता. तो ते घेऊन गेला.

पुढे काही दिवस दुपार झाली की शायलोबेक नमद्यावर येऊन बसायचा. हात चालायचे. हवेतच गज जोडायचे, हवेतच चिंधी ओढायचे. बुरमाकान बघायची. मग हालचाली तुटक झाल्या, मध्येच थांबू लागल्या, गज जोडून झाला की पुढे काय ते त्याला सापडेना. जूनमध्ये हात मांडीवर पडून राहू लागले. बोलणं आटलं. त्याला घास भरवावा लागे. अंगातलं मांस इतक्या वेगाने गेलं की वेनेरा सुट्टीला आली तेव्हा दारातच थबकली.

"तुम्ही बरोबरच केलंत, आई," ती म्हणाली. "दुसरं काय करणार होता?"

"दुसरं काहीच नव्हतं," बुरमाकान म्हणाली. "म्हणून काही ते बरोबर होत नाही."

सप्टेंबरात तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. नळ्यांना भोकं पाडून, चाप काढून टाकून, निकामी करून तरी देतील का परत? बार काढणारच नाही अशी करून? नुसतं हातात द्यायला. अनारकुलला त्याच्याजवळ बसवून ती भाड्याच्या गाडीने जिल्ह्याला गेली. कचेरीत तीन खोल्या फिरली. शेवटच्या खोलीतल्या बाईने मोठी वही उघडली, नंबर शोधला, त्यावर बोट ठेवलं.

"ही ऑगस्टमध्येच गेली, काकी."

"कुठे?"

बाईने वही मिटली. "कापायला."

बुरमाकान बाहेर येऊन पायरीवर बसली. पाव आणि वाळवलेलं दही बरोबर बांधून आणलं होतं, ते तिने खाल्लं, कारण भूक लागली होती. मग परतीची गाडी मिळाली.

ती पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. आत शायलोबेक उशीला टेकून बसला होता. अनारकुल त्याला वाटीतून पेज पाजत होती आणि तो नीट, न सांडता, पीत होता. कित्येक आठवड्यांत तो इतका निवांत दिसला नव्हता. बुरमाकानने रुमाल सोडला, बूट काढले. त्या आवाजाने त्याने मान वर केली.

"म्हातारे," तो म्हणाला. हाक अनारकुलला होती. "ही कोण बाई आली गं?"

अनारकुलचा चमचा वाटीतच राहिला. तिने घाबरून बुरमाकानकडे पाहिलं. "अहो भाऊजी, मी अनारकुल. म्हातारी तुमची ती बघा..."

"राहू दे," बुरमाकान म्हणाली.

शायलोबेक तिच्याकडे पाहत होता. नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. वाटसरूकडे बघावं तसं तो बघत होता.

"चहा दे तिला," तो अनारकुलला म्हणाला. "लांबून आलेली दिसते."

अनारकुल उठली. बुरमाकान दाराजवळ, परकी माणसं बसतात तिथे, बसली आणि तिने पेला दोन्ही हातांनी घेतला.